बोल्टपर्यंत आपण, वेल्डिंगला दुकान

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात गाडीचा सायलेन्सर लवकर सडतो. पाऊस हे कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण आपल्या रोजच्या वापरात आहे. इथली कितीतरी माणसं गाडी काढतात ती फक्त स्टेशनपर्यंत. दोन-तीन किलोमीटर गेले, गाडी लावली, लोकल पकडली. संध्याकाळी तेवढंच अंतर परत. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. लांबच्या प्रवासात सायलेन्सर चांगला तापतो आणि ही वाफ मागच्या नळीतून निघून जाते. स्टेशनच्या फेरीत तो कोमटच राहतो, वाफेचं पाणी होतं, ते आत साचतं आणि पत्रा आतून गंजत जातो. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत तर पाणी आणखी जास्त तयार होतं. मग एके दिवशी गाडी सुरू करताच भरभर आवाज येतो आणि खाली वाकून पाहावं तर डब्याची शिवण उघडलेली दिसते.

तिथून घरात चर्चा सुरू होते. बाहेरचा सायलेन्सर घ्यायचा का? घेतला तर घरी बसवायचा की दुकानात? दोन्ही बाजूंना वजन आहे, म्हणून त्या इथे एका मामा-भाचीच्या तोंडी मांडल्या आहेत. मामा अंबरनाथच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला. भाची बदलापूरला राहणारी, नोकरीला ठाण्याला जाणारी; तिची गाडी दहा वर्षांची, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारी. आयुष्यभर हातात पाना धरलेला मामा दुकानाची बाजू घेतो, आणि भाची घरच्या कामाची.

भाची : मामा, मागचा डबा पार गेलाय. मी नीट बघितलं. मधल्या पाइपला तो दोन बोल्टांनी जोडलाय आणि रबरांवर लटकतोय. उल्हासनगरहून नवा आणते आणि रविवारी बसवते. तू फक्त पाने दे.

मामा : पाने देतो. पण गाडी उचलणार कशावर?

भाची : गाडीबरोबर आलेला जॅक आहे ना.

मामा : तो जॅक चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्यावर गाडी ठेवून खाली अंग घालायचं नाही, एक मिनिटसुद्धा नाही. सायलेन्सरचा गंजलेला बोल्ट सोडवताना माणूस जोर लावतो, त्याबरोबर गाडी हलते, आणि असा जॅक कलंडायला तेवढं पुरतं. त्यात तुमच्या पार्किंगला पेव्हर ब्लॉक. त्यातला एक खचला की संपलं. दुकानात लिफ्ट असते, नाहीतर खड्डा असतो. कारागीर उभा राहून, उजेडात, दोन्ही हात मोकळे ठेवून काम करतो. माझा पहिला मुद्दा हाच. आधी माणूस, मग पैसे.

भाची : मान्य. मग मी दोन जॅक स्टँड घेते. खाली जाड प्लायवूड टाकते, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावते, हँडब्रेक ओढते, गाडी स्टँडवर बसवून आधी बाहेरूनच हलवून बघते आणि मगच खाली जाते. दुकानात लिफ्ट असते म्हणतोस, पण आपल्याकडच्या किती दुकानांत असते? रस्त्याच्या कडेला गाडी लावून, एक चाक विटांवर चढवून, खाली गोणपाट अंथरून झोपलेला पोरगा मी रोज बघते. तो तुझ्या लिफ्टवाल्या दुकानात धरायचा का?

मामा : नाही धरायचा. असं काम करून घेणंही चूकच. दुकान म्हणजे ज्याच्याकडे साधनं आहेत ते. पण आता बोल्टाचं बोलू. दहा वर्षं पावसात आणि चिखलात भिजलेला बोल्ट आहे तो. गंज सोडवायचं तेल मारलंस, रात्रभर ठेवलंस, सकाळी पाना लावलास आणि डोकं तुटून हातात आलं, मग? रविवार आहे, गाडी स्टँडवर आहे आणि सोमवारी तुला सात वाजता स्टेशन गाठायचंय. दुकानात गॅसच्या ज्योतीने नट लाल करतात. तापला की तो फुगतो आणि सुटतो. तरी तुटलाच तर ड्रिल मारून नवा आटा पाडतात. ही सोय तुझ्याकडे नाही.

भाची : नाही. पण दुकानाची दुसरी बाजू तू सोडून देतोयस. मागच्या वर्षी ऑफिसातल्या मैत्रिणीने एका दुकानात सायलेन्सरचं काम करून घेतलं. आठवड्याभरात इंजिनाचा पिवळा दिवा लागला. दुसरीकडे दाखवलं तेव्हा कळलं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवरच नाही. नुसता पाइप जोडलेला. त्या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारातही त्याला भाव येतो. तिला गाडी दिली तेव्हा कुणी काही विचारलं नाही, परत घेताना तिनेही काही विचारलं नाही. घरी काम केलं असतं तर निदान काय काढलं आणि काय घातलं हे तरी डोळ्यांसमोर राहिलं असतं.

मामा : हा मुद्दा खरा आहे. कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, नंतर दुसरा. मागचा सेन्सर कन्व्हर्टर काम करतोय की नाही हे सांगतो, म्हणून तो दिवा लागला. पीयूसीलाही अशी गाडी अडकायला हवी. बीएस-४ पासूनच्या पेट्रोल गाडीला सुस्त चालीवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो, आणि कन्व्हर्टरशिवाय तो तेवढा खाली ठेवणं कठीण. पण याचा इलाज दुकान टाळणं हा नाही. काम चालू असताना तिथे उभं राहायचं, जुना भाग परत मागायचा, बिलावर काय बदललं ते लिहून घ्यायचं.

भाची : उभं राहू देतात का सगळे?

मामा : जो राहू देत नाही त्याच्याकडे गाडी द्यायची नाही. बरं, डबा कुठला घेणार आहेस?

भाची : बाहेरचा. कंपनीचा महाग पडतो. लोहचुंबक घेऊन जाते. चिकटला तर साधं लोखंड, नाही चिकटला तर स्टेनलेस.

मामा : हा हिशेब भांड्यांच्या दुकानात चालतो, इथे फसशील. सायलेन्सरला बरेचदा ४०९ जातीचं स्टेनलेस वापरतात आणि त्याला चुंबक चिकटतो. ३०४ ला सहसा चिकटत नाही. म्हणजे चिकटला म्हणून माल वाईट ठरत नाही. त्यापेक्षा कंपनीचा आणि बाहेरचा, दोन्ही डबे हातात घेऊन बघ. बाहेरचा लक्षात येण्याइतका हलका लागला तर पत्रा पातळ आहे, नाहीतर आतलं काम कमी आहे. आत भोकं पाडलेल्या नळ्या आणि कप्पे असतात. धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून विरतात. कप्पे वगळून नुसती काचेची लोकर भरली की डबा स्वस्त होतो, आणि लोकर जळत गेली की आवाज वाढत जातो. मग शिवण बघ, फ्लँज सपाट आहे का बघ, रबरांचे आकडे जुन्या डब्याशी जुळतात का बघ. आणि तळाला एक बारीक भोक असतं, ते आहे का बघ.

भाची : भोक? ते तर बुजवायला हवं ना?

मामा : अजिबात नाही. आत साचलेलं पाणी निघून जावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून थेंब पडताना दिसले की लोकांना वाटतं सायलेन्सर फुटला. कितीतरी ठिकाणी वेल्डिंगवालाही त्याच्यावर टाका मारून देतो. मग पाणी आतच राहतं आणि डबा वर्षभर आधी सडतो. जो कारागीर ते भोक मोकळं ठेवायला सांगेल त्याच्या हातावर विश्वास ठेव.

भाची : उल्हासनगरचा माल म्हटलं की आई नाक मुरडते.

मामा : तिला सांग, त्या गावाबद्दल असं बोलू नये. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत आली. बराकींत राहिली, आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. हातात भांडवल नसताना त्या लोकांनी घरात यंत्रं मांडून धंदे उभे केले. तिथे उत्तम कारागीर आहेत आणि नकली मालही आहे. तुला कुठला मिळतो हे तू काय विचारतेस त्यावर ठरेल. नुसतं 'स्वस्तातला द्या' म्हणालीस तर स्वस्तातलाच मिळेल.

भाची : धाकटा म्हणतो, नवा घेतेच आहेस तर मोठ्या आवाजाचा घे. धूर मोकळा सुटला की गाडी जोरात ओढते म्हणे.

मामा : त्याला समोर बसवून सांगू या. लहान इंजिनाला सगळी आखणी कंपनीने ठरवून दिलेली असते. पेट्रोल किती, हवा किती, धुराला अडथळा किती. मागचा डबा काढून सरळ पाइप लावला तर आवाज मोठा होतो आणि ऐकणाऱ्याला तो ताकदीचा वाटतो. गाडी होती तेवढीच ओढते. आणि कायदा? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नमुन्यापासून फारकत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालकाला, हे लक्षात ठेव. डबा घरी लावला काय आणि दुकानात लावून घेतला काय, गाडी ज्याच्या नावावर त्याला जाब द्यावा लागतो.

भाची : त्यासाठी मला कायदा सांगायला नको. आमची इमारत सात मजली आहे. खाली पार्किंग, वर घरं. पहिल्या मजल्यावर एक आजी आहेत, हृदयाचं ऑपरेशन झालेल्या. निवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्या पार्किंगमध्ये फडफडणारा सायलेन्सर सुरू केला की भिंती तो आवाज वर नेतात. म्हणून मी कंपनीच्या नमुन्याबरहुकूमच घेणार. पण मामा, आता तू मला एक सांग. दुकानवाला गळती तपासतो का?

मामा : चांगला तपासतो.

भाची : बहुतेक जण इंजिन सुरू करतात, कान देतात आणि 'झालं' म्हणतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. पावसात काचा बंद करून, एसीची हवा आतल्या आत फिरवत आपण कल्याण-बदलापूर रस्त्यावर अडकून बसतो. जोडातून धूर येत असेल तर तो पायाखालून आत शिरतो, आणि डोकं जड झालं तरी माणसाला वाटतं झोप अपुरी झाली. मी घरी काम केलं तर घाई नसेल. इंजिन गार असताना सुरू करेन, कुणाला तरी जाड ओलं फडकं मागच्या नळीवर क्षणभर धरायला सांगेन आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारून बुडबुडे येतात का बघेन. आठवड्याने पुन्हा वाकून बघेन. जोडाभोवती काजळीची रेघ दिसली तर तिथे गळती आहे. हे दुसऱ्याच्या गाडीसाठी कोण करतं?

मामा : हे तू बरोबर बोललीस. आणि बसवण्याची पद्धत माहीत आहे?

भाची : जुना काढायचा, नवा लावायचा, बोल्ट आवळायचे.

मामा : आवळायचे शेवटी. नवा डबा आधी रबरांवर लटकवायचा. रबर चढत नसेल तर साबणाचं पाणी लावायचं; तेल लावायचं नाही, तेलाने रबर फुगतं. मग पाइपच्या जोडात नवं पॅकिंग ठेवायचं. जुनं पुन्हा वापरायचं नाही, ते एकदा दबलेलं असतं. बोल्ट हातानेच चढवायचे, सैल. आता डबा हाताने हलवून बघायचा. तो कुठे बॉडीला, कुठे ॲक्सलला लागतोय का, चारी बाजूंनी बोटभर जागा आहे का. सगळी रबरं सारखी ताणलेली दिसली की मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. घाईचा कारागीर आधी बोल्ट आवळतो आणि मग डबा ओढून रबरात अडकवतो. तो ताण पुढे जातो आणि इंजिनाजवळची लवचीक नळी काही महिन्यांत चिरते. ग्राहकाला वाटतं, ही नवी भानगड कुठून आली.

भाची : म्हणजे तूही मान्य करतोस, हे घरी होण्यासारखं आहे.

मामा : मागच्या डब्यापुरतं मान्य करतो. तेही बोल्ट शाबूत असेल तर. पण जोड वेल्डिंगचा निघाला, किंवा पाइपच मधे सडलेला निघाला, तर पाना खाली ठेवायचा. पार्किंगमध्ये ग्राइंडर चालवायचा नाही. ठिणग्या लांब उडतात, शेजारी दुसऱ्यांच्या गाड्या असतात आणि पेट्रोलची टाकी सायलेन्सरपासून फार लांब नसते. तुझ्या डिकीत तर सीएनजीचं सिलिंडर आहे, आणि मागचा डबा जवळजवळ त्याच्या खालीच येतो.

भाची : मग दुकानवाला तरी त्याच्याखाली वेल्डिंग कसं मारतो?

मामा : जाणता असेल तो मारत नाही. डबा गाडीवरून उतरवतो, टेबलावर ठेवून टाका मारतो आणि परत बसवतो. गाडीवरच मारायची वेळ आली तर सिलिंडरची झडप बंद करतो, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवतो, कारण वेल्डिंगच्या करंटने इंजिनाचा कॉम्प्युटर जळू शकतो, आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवतो. गाडी देतानाच त्याला सांगायचं की डिकीत सीएनजी आहे. तो 'काही होत नाही' म्हणाला तर गाडी वळवून निघायचं.

भाची : मग असं करते. आधी तेल मारून दोन दिवस ठेवते. बोल्ट सुटले तर डबा मी बदलते, तू शेजारी उभा राहा. नाही सुटले तर तसंच ठेवून दुकानात नेते आणि काम होईपर्यंत तिथेच थांबते.

मामा : आणि दोन्हींत पीयूसी करून ये. जुन्या प्रमाणपत्राची मुदत उरली असली तरी.

या संवादात मी कुणा एकाच्या बाजूला उभा नाही, पण निकाल देता येतो असं मला वाटतं. घर की दुकान हे गाडीखालचा जोड ठरवतो. मागचा डबा, रबरं, बोल्टाचा फ्लँज हे काम जाणत्या माणसाच्या सोबतीने, जॅक स्टँडवर, घाई न करता घरी होऊ शकतं, आणि ते एकदा स्वतः केलेला माणूस पुढे कुठल्याही दुकानात फसत नाही. कन्व्हर्टर, सेन्सर, लवचीक नळी, कापाकापी आणि वेल्डिंग हे दुकानाचं काम आहे. त्यात पैसे वाचवायला जाऊ नये. सीएनजीच्या गाडीला तर ही रेषा कधीच ओलांडू नये.

आपल्या या तिन्ही गावांत हाताने काम जाणणारी माणसं भरपूर आहेत. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत, ऑर्डनन्स फॅक्टरीत, उल्हासनगरच्या गाळ्यांत आयुष्य काढलेले फिटर, टर्नर, वेल्डर आज निवृत्त होऊन घरी बसले आहेत. प्रत्येक सोसायटीत असा एखादा मामा आहे. गाडी घेऊन दुकानात जाण्याआधी त्याला खाली बोलवा, जोड दाखवा, विचारा. घरी वडीलधारी माणसं असतील तर पोरांना मोठ्या आवाजाच्या डब्यापासून परावृत्त करा. तो आवाज आपल्याच इमारतीत आजाऱ्याच्या उशाशी जातो.

आणि दुकानात गाडी दिलीत तर तीन गोष्टी केल्याशिवाय परत निघू नका. जुना भाग ताब्यात घ्या. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारून घ्या. काय बदललं ते बिलावर लिहून घ्या. चांगल्या कारागिराला या तिन्हींचा राग येत नाही.